शनिवारची पँट

काडीचं वजन चौऱ्याण्णव किलो भरलं, तेव्हा त्याने पहिला दोष काट्याला दिला.

आता माणसाचं नाव काडी आणि वजन चौऱ्याण्णव, हे जरा विचित्र वाटतं, मान्य. पण नाव पडलं तेव्हा तो पंचविशीत होता आणि दाराच्या फटीतून आत येईल असा होता. पुढे अंग सुटत गेलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कामाने तो लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्टच्या आत एक पितळी पाटी असते: सहा माणसे, चारशे आठ किलो. म्हणजे माणशी अडुसष्ट. अशा शेकडो पाट्या त्याने स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून बसवल्या होत्या. आपण त्या पाटीत मावेनासे होऊन किती वर्षं झाली, हा विचार मात्र त्याच्या डोक्याला कधी शिवला नाही.

"काका, हा काटा आम्ही दर सहा महिन्यांनी तपासून घेतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या काडीच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि अजिबात हसत नव्हत्या. साखर काठावर आली होती, रक्तदाब काठाच्या पलीकडे गेला होता.

"माझी सत्तावीस वर्षांपूर्वीची पँट आहे," काडी म्हणाला, "ती अजून मला बरोबर होते. तेव्हापासून एक इंच फरक नाही. मग वजन वाढेल कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि पुढचा कागद ओढला. सोबत आलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सोमवार ते शुक्रवार तुमचं खाणं मी सांभाळते. तेल मोजून, साखर मोजून. शनिवार कोण सांभाळतं?"

"मित्र सांभाळतात."

"तेच म्हणते मी."

बराच वेळ घासाघीस झाली. त्याला घरात काटा नको होता. यंत्रांवर आयुष्य काढलेल्या माणसाचा यंत्रांवर विश्वास नसतो, हे त्याचं नेहमीचं पालुपद. शेवटी बायको म्हणाली, "ठीक आहे. तुमची पँट हाच काटा. आठ शनिवार देते. आठव्या शनिवारी ती पँट घालून घरी यायचं. कमरेत माझी मूठ आत गेली, तर शनिवार तुमचा, मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही गेली, तर शनिवार बंद. कायमचा."

"कायमचा?"

"मला तुम्ही पुढची वीस वर्षं हवे आहात. त्यात शनिवार नसले तरी चालतील."

ती चिडून बोलली असती तर काडीने वाद घातला असता. ती शांतपणे बोलली, म्हणून त्याने मान डोलावली.

आता या पँटची गोष्ट सांगायलाच हवी.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एकाने शिलाईचं दुकान टाकलं. गळ्यात कायम टेप, म्हणून त्याला सगळे इंच्या म्हणायचे. दुकान उघडलं त्या आठवड्यात त्याने राखाडी कापडाच्या एकाच ताग्यातून पाच पँटी शिवल्या. एक स्वतःची, एक काडीची, एक किल्ल्या बनवणाऱ्या रेडिओची, एक बेकरीवाल्या भट्टीची आणि एक हिरोची. दर शनिवारी चार वाजता शटर अर्धं खाली यायचं. कुणी ग्रीसने माखलेला, कुणी पिठाने पांढरा, कुणी लोखंडाचा कीस केसात घेऊन यायचा. ट्रायल रूममध्ये पाच खुंट्या, खुंट्यांवर पाच पँटी. कामाचे कपडे उतरवायचे, हातपाय धुवायचे, राखाडी पँट चढवायची आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलाभोवती बसायचं. पँट घरी न्यायची नाही असा नियमच होता. धुणं-इस्त्री इंच्याकडे. मालक, मजूर, उधार, नगद, सगळं खुंटीवर टांगून ठेवायचं आणि दोन तास नुसते मित्र व्हायचं, असं त्यावेळी भट्टी म्हणाला होता. तो असं काहीतरी बोलायचा आणि लगेच तोंडात पाव कोंबायचा, म्हणजे कुणी पुढचं विचारू नये.

काय दिवस होते! टेबलावर एका बाजूला खडूच्या रेघा, दुसऱ्या बाजूला भट्टीचा पत्र्याचा डबा. लोण्याचे पाव, गरम बिस्किटं, कडेला करपलेला आणि म्हणून विकता न येणारा केक. पाच जण त्या करपलेल्या कडेसाठी भांडायचे. काडी सगळ्यांत जास्त खायचा आणि सगळ्यांत बारीक दिसायचा. "याच्या पायांना भोकं आहेत," रेडिओ म्हणायचा. रेडिओ हे नाव अर्थातच त्याला एकदा चालू झाला की बंद करायचं बटण नसल्यामुळे पडलं होतं.

पाचांतला हिरो सगळ्यांत आधी गळला, दुसऱ्याच वर्षी. नंतर त्याची बदली झाली, की त्याने गाव सोडलं, नक्की कुणालाच कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी भट्टी गेला. दुपारी बेकरीच्या भट्टीसमोरच खाली बसला आणि उठला नाही. आता टेबलाभोवती तिघं असायचे. डबा मात्र यायचा. भट्टीची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, आता बेकरी चालवायची. दर शनिवारी साडेचारला ती स्वतः शटरखालून वाकून आत यायची, डबा टेबलावर ठेवायची आणि "ह्यांचा डबा" एवढंच म्हणून निघून जायची. तो डबा रिकामा करून परत देणं हे काडी आपलं कर्तव्य समजायचा. खरं सांगायचं तर भट्टी गेल्यावर तो जास्तच खायला लागला होता. भट्टीच्या वाटणीचंही तोच खात होता.

तर आता आठ शनिवार.

पहिल्या शनिवारी काडी घरून वाटीभर डाळ आणि काकडी खाऊन निघाला. पोट भरलेलं असलं की तोंड आवरतं, असं बायकोचं म्हणणं. रिक्षा सोडून चालत गेला. आठवडाभर प्रत्येक इमारतीत तो जिन्याने चढत होता आणि लोक विचारत होते, "लिफ्ट बंद पडली का हो?" लिफ्टवाल्याला जिन्यात पाहून बायाबापड्या हातातल्या पिशव्या खाली ठेवायच्या. दुकानात डबा उघडला. लोण्याचा वास आला आणि काडीचा जीव कासावीस झाला. तो टेबलापासून लांब, शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर जाऊन बसला आणि पाणी पीत राहिला. रेडिओने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"डॉक्टरने सांगितलंय," काडी म्हणाला. मुठीची अट आणि शनिवार बंद होण्याची गोष्ट त्याने सांगितली नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.

दुसऱ्या शनिवारी वहिनीने नवा डबा ठेवला आणि मागच्या आठवड्याचा उघडून पाहिला. त्यात दोन पाव तसेच होते. तिने झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"पाव कडक झाला होता का भावजी?"

काडीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "नाही वहिनी. पाव फक्कड होता. मलाच वजन उतरवायचंय. चौऱ्याण्णव झालंय."

वहिनीने झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "हेही उद्यापासून साखर सोडणार होते. दर उद्यापासून." तिसऱ्या शनिवारी डब्यात मुठीएवढे तीनच पाव होते, आणि सफरचंदाच्या फोडी. डबा मात्र तेवढाच मोठा, त्यामुळे आतल्या मोकळ्या जागेत ते तीन पाव इकडून तिकडे घरंगळत होते. काडीने आपला एक पाव चार तुकडे करून दोन तास पुरवला. प्रत्येक तुकड्याला भट्टीची एक आठवण काढायची, असा त्याने नियम केला. बकाबका खाताना कधी आठवली नव्हती अशी गंमत त्याला आठवायला लागली. भट्टीने केकवर भलत्याच माणसाचं नाव लिहिलं होतं ते, भट्टी पोहायला शिकताना विहिरीत नव्हे तर पाण्याच्या टाकीत उतरला होता ते. तिघं पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी शनिवार पूर्वीसारखा झाला.

सगळं छान चाललं होतं, फक्त पँट हलत नव्हती.

जिने चढताना दम लागेनासा झाला होता. गुडघे कुरकुरत नव्हते. पण सोमवार ते शुक्रवार अंगात कामाची ढगळ डांगरी आणि घरी नाडीचा पायजमा, हे दोन्ही कपडे माणसाला कसलाच जाब विचारत नाहीत. शनिवारी ट्रायल रूममध्ये तो श्वास सोडून राखाडी पँटचं बटण लावायचा आणि कमरेत बोट घालून पाहायचा. बोट जेमतेम जायचं. चौथ्या शनिवारी तेच, पाचव्या शनिवारी तेच. सहाव्याला त्याने सफरचंदही खाल्लं नाही. सातव्याला घरून निघताना डाळही सोडली, आणि दुकानात चक्कर आली तेव्हा रेडिओने त्याला धरून बसवलं. पँट तशीच. जणू काडी नावाचा माणूस कमरेपुरता सत्तावीस वर्षांपूर्वीच थिजला होता.

आठव्या शनिवारी त्याने बटण लावलं, बोट घातलं, आणि तसाच ट्रायल रूमच्या बाकावर बसून राहिला. समोर पाच खुंट्या. दोहोंवर इंच्या आणि रेडिओच्या कामाच्या पँटी, एकीवर त्याची डांगरी. उरलेल्या दोन रिकाम्या. हिरोची पँट कुणाला तरी देऊन टाकली, असं इंच्या पूर्वी म्हणाला होता. भट्टीची कुठे गेली, हे विचारायचा काडीला धीर झाला नव्हता. पुढच्या आठवड्यापासून तिसरी खुंटी रिकामी होणार, हे त्याला कळलं.

बाहेर येऊन त्याने सगळं सांगून टाकलं. मूठ, आठ शनिवार, कायमचा बंद.

"मी तिला शब्द दिलाय," तो म्हणाला. "आणि चूक तिची नाही. मला जमलं नाही. ही बघा, जशीच्या तशी. आज शेवटचा."

रेडिओचं बटण त्या दिवशी पहिल्यांदा बंद झालं. "मग मी आणि हा इंच्या दोघंच काय एकमेकांची तोंडं बघत बसणार?" एवढंच तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

इंच्याच्या तोंडात टाचण्या होत्या. माप घेताना, शिवताना, नुसतं बसलेला असतानाही त्याच्या ओठांत दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. त्याने त्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीला टोचल्या.

"पँट काढ," तो म्हणाला.

"काय?"

"काढ म्हणतो ना. डांगरी घाल तुझी."

काडीने मुकाट्याने पँट आणून दिली. इंच्याने ती उलटी करून दिव्याखाली धरली आणि कमरेचं अस्तर टराटरा उसवलं. आत शिवणीशेजारी सुईच्या भोकांच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, कितीतरी.

"ही पहिली. तीस इंच. ही साडेतीस, तुझ्या लग्नानंतरची. ही एकतीस. तेहतीसपर्यंत दाबलेलं कापड पुरलं. मी आठवड्याला धुवायला घ्यायचो ना, तेव्हा सोडायचो. पाव इंच, अर्धा इंच."

काडीला काही सुधरेना. "म्हणजे मी जाड होत होतो, आणि तू…"

"तू कशाला जाड होतोस? पँट मोठी होत होती."

"गाढवा, सत्तावीस वर्षं मी जगाला सांगत फिरलो! डॉक्टरला सांगितलं!"

"मला बोलायचं नव्हतं," इंच्या म्हणाला. "हिरो आठवतो? त्या वर्षी मी त्याचं माप घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने ओरडलो, हिरो चौतीस! वर्षात चार इंच! आपण सगळे दोन तास त्यावर हसलो. तोही हसला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या घरी मी तीनदा गेलो, दार उघडलं नाही. एक आकडा बोललो आणि माणूस गमावला. तेव्हा ठरवलं, या टेबलावर पुन्हा कुणाचा आकडा बोलायचा नाही."

रेडिओ खिडकीपासून परत आला होता. त्याने पँटच्या बाजूच्या शिवणीवर बोट ठेवलं. शिवणीला लागून कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक निमुळती पट्टी जोडलेली होती. कापड तेच, पण किंचित वेगळं विटलेलं. "आणि हे काय?"

"तेहतीसच्या पुढे कापड आणू कुठून? त्या ताग्यातलं मिळेना." इंच्याने मान खाली घातली. "त्या हिरोच्या पँटमधल्या पट्ट्या आहेत. दोन्ही बाजूंना. त्याने तू अडतीसपर्यंत गेलास. मग गेल्या दोन वर्षांत तू जरा जास्तच… तेव्हा मागच्या शिवणीत भट्टीची घातली. चाळीस."

काडीने पँट हातात घेतली. या टेबलाशी ज्यांच्याशेजारी बसला, ते दोघं इतकी वर्षं त्याच्या कमरेला धरून बसले होते आणि त्याला पत्ता नव्हता. त्याच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचंही त्याला भान राहिलं नाही.

मागच्या शिवणीवरून हात फिरवताना तो थांबला. "भट्टीची पट्टी कुठाय?"

इंच्याने मशीनचा ड्रॉवर उघडला. दोऱ्याच्या रिळांवर राखाडी कापडाची पट्टी होती, इस्त्री करून घडी घातलेली.

"तुला डॉक्टरने सांगितलं आणि तू खाणं सोडलंस. तिसऱ्या शनिवारपासून पँट सैल व्हायला लागली. मी घाबरलो. सैल झाली तर तू मला म्हणणार, आत घे, आणि समोर उभा राहणार. उसवली की सगळं दिसणार. सत्तावीस वर्षांचं खोटं. म्हणून तू मागायच्या आत मीच घेत गेलो. मागच्या आठवड्यात पट्टीच काढावी लागली. टाकून देववेना, म्हणून ठेवली." त्याने नाक ओढलं. "आकडा बोललो म्हणून एक गेला. आता बोललो नाही म्हणून दुसरा चाललाय. माझं हे काय चाललंय रे?"

"म्हणजे," रेडिओ सावकाश म्हणाला, "हा बारीक झालाय?"

काडीने डोळे पुसले, डांगरीचा पट्टा सोडला आणि टेबलासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला.

"इंच्या, माप घे. आणि मोठ्याने बोल."

"नको."

"बोल. मी कुठे जात नाही."

इंच्याने गळ्यातली टेप काढली. सत्तावीस वर्षांत त्याने गावभरची मापं घेतली होती, पण या वेळी तो टेपचं टोक शोधत राहिला. त्याने ती काडीच्या कमरेभोवती फिरवली, दोनदा सरळ केली, चष्मा वर ढकलला.

"अडतीस," तो कुजबुजला.

"ऐकू आलं नाही!" रेडिओ ओरडला.

"अडतीस!" इंच्या ओरडला, आणि तोंडावर हात ठेवून उभा राहिला. काडी हसला नाही आणि गेलाही नाही. त्याने खडू उचलला आणि टेबलाच्या कडेवर मोठा आकडा काढला. मग खडू इंच्याच्या हातात दिला. "पुढच्या शनिवारी खाली लिहायचा. वाढला तरी बोलायचं, कमी झाला तरी बोलायचं."

"आणि पट्टी?"

"परत घाल," काडी म्हणाला. "पहिल्या शनिवारी होती तशी चाळीसची कर. मला ती आज घरी न्यायचीय."

इंच्याने पँट मशीनवर घेतली. दहा-बारा मिनिटं फक्त मशीनचा आवाज होता. तेवढ्यात वहिनी वाकून आत आली. तिने टेबलावरचा आकडा पाहिला, मशीनखाली सरकणारी पट्टी पाहिली. तिला काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवशी डबा ठेवून ती लगेच गेली नाही. रेडिओने स्टूल पुसून दिलं आणि ती बसली. चौघांनी तीन पाव वाटून खाल्ले.

संध्याकाळी काडी पँट एका हाताने धरत चालत घरी गेला. बायको दारातच उभी होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काही न बोलता पाठीमागे येऊन कमरेत हात घातला. मूठ आत गेली.

"इथे मागे जोड आहे वाटतं," ती म्हणाली. तिची बोटं बरोबर त्या पट्टीवर होती.

"हो," काडी म्हणाला. "भट्टीने जागा करून दिलीय."